तंजावर-कुंभकोणमची चोळ देवळं: चार दिवसांत आणि सावकाशीने

रामेश्वर-मदुराई-कन्याकुमारीच्या सहलीत तंजावर हा वाटेतला थांबा असतो. मदुराईहून सकाळी सुटलेली बस बारा-साडेबाराला पोचते, तेव्हा गाभाऱ्याला कुलूप लागलेलं असतं. तापलेल्या फरशीवर टाचा उचलत नंदीसमोर एक फोटो होतो आणि मंडळी पुन्हा बसमध्ये. कावेरीच्या खोऱ्यातली देवळं पाहायची तर दुपारी साधारण बारा ते चार देव विश्रांती घेतो, हे धरूनच सगळं नियोजन करावं लागतं. हातात उरतात सकाळचे पाच-सहा तास आणि संध्याकाळचे चार. एवढ्या वेळात दिवसाला दोन देवळं नीट होतात. तिसरं धरलं की तिन्हींची नुसती हजेरी लागते.

कोणती देवळं धरायची

तीन देवळं चुकवायची नाहीत. तंजावरचं बृहदीश्वर पहिल्या राजराजाने बांधलं आणि १०१० मध्ये त्याच्या विमानावर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या मनोऱ्यावर, सोन्याचा कळस चढला. गंगैकोंडचोळपुरम हे त्याच्या मुलाचं, पहिल्या राजेंद्राचं. दारासुरमचं ऐरावतेश्वर बाराव्या शतकातल्या दुसऱ्या राजराजाचं. तंजावर १९८७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं, बाकीची दोन २००४ मध्ये. तिन्हींची देखभाल पुरातत्त्व खातं करतं, तिन्हींत पूजा चालू आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

यांच्या जोडीला तीन लहान-मोठी देवळं घ्या: कुंभकोणमचं नागेश्वर, तंजावरजवळच्या पुल्लमंगैचं ब्रह्मपुरीश्वर आणि कुंभकोणमजवळच्या त्रिभुवनमचं कंपहरेश्वर. नागेश्वर आणि पुल्लमंगै आरंभीच्या चोळकाळातली आहेत. त्रिभुवनम तिसऱ्या कुलोत्तुंगाचं, म्हणजे सत्तेच्या उतरत्या काळातलं. ही सहा पाहिली की सुमारे तीनशे वर्षांत कारागिराचा हात कसा बदलत गेला ते दिसतं. कुंभकोणमला प्रत्येक गल्लीत देऊळ आहे, त्यांच्या मागे लागू नका.

कधी जायचं

इथला मुख्य पाऊस आपल्यासारखा जून ते सप्टेंबर नसतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की दोन-दोन दिवस थांबत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जाणारे मराठी लोक नेमके इथे फसतात. दारासुरमचं आवार रस्त्यापेक्षा खोल असल्याने मोठ्या पावसात तिथे पाणी साचतं आणि पायथ्याची शिल्पं, म्हणजे ज्यासाठी जायचं तीच, पाण्यात जातात. एप्रिल ते जून ऊन इतकं की सकाळी दहानंतर दगडावर पाय ठरत नाही.

जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी अखेर हा काळ सर्वांत बरा. पोंगलचा आठवडा, म्हणजे आपल्या संक्रांतीचे दिवस, मात्र टाळा. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत काळ्या कपड्यातल्या अय्यप्पाभक्तांच्या गाड्या प्रत्येक मोठ्या देवळापाशी उभ्या असतात, तेही लक्षात ठेवा. पंचांगात त्रयोदशी पाहून घ्या. प्रदोषाच्या संध्याकाळी तंजावरच्या नंदीवर अभिषेक होतो. सोहळा बघण्यासारखा असतो, पण त्या संध्याकाळी शिल्पं बघायला जागा मिळत नाही. कुंभकोणमचा महामहम बारा वर्षांनी येतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ चा. तेव्हा तिथे खोली मिळेल अशी आशा धरू नका.

सहसा कुणी सांगत नाही अशी एक अडचण आहे, ती म्हणजे तिरुप्पणी. तमिळ देवळांत साधारण बारा वर्षांनी जीर्णोद्धार होऊन कुंभाभिषेक होतो. त्याआधी काही महिने, कधी त्याहूनही जास्त, विमान-गोपुरांभोवती परांची आणि झापा असतात. देवाची शक्ती 'बालालयम' या तात्पुरत्या स्थानी हलवलेली असते आणि मुख्य गाभारा बंद राहतो. निघण्यापूर्वी हॉटेलवाल्याला फोनवर 'तिरुप्पणी चालू आहे का' एवढंच विचारा. तंजावरचा कुंभाभिषेक फेब्रुवारी २०२० मध्ये झाला आहे.

पोचणं आणि मुक्काम

सगळ्यांत जवळचा मोठा विमानतळ तिरुचिरापल्लीचा, तिथून तंजावर साठेक किलोमीटर. रेल्वेने यायचं तर चेन्नई गाठून एग्मोर स्टेशनवरून रात्रीची गाडी धरा. मुंबईच्या सगळ्याच गाड्या एग्मोरला लागत नाहीत, तेव्हा मधे दोन-तीन तासांची फुरसत ठेवा.

चारही रात्री एकाच गावात काढायचा मोह होतो, पण दोन तंजावरला आणि दोन कुंभकोणमला असं वाटून घ्या. दोन्ही गावांत अंतर चाळीस किलोमीटर असलं तरी जुना रस्ता गावागावांतून जातो आणि सव्वा-दीड तास सहज लागतो. सकाळचा सव्वा तास रस्त्यात गेला तर उन्हाआधीची वेळ तिथेच संपते.

वेळापत्रक असं बसतं. पहिल्या दिवशी तंजावरला पोचून चार वाजता मोठं देऊळ, म्हणजे बृहदीश्वर, फक्त आवार आणि विमान. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा तेच देऊळ, दुपारी राजवाडा, संध्याकाळी पुल्लमंगै. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून दारासुरम, मग कुंभकोणमला खोली घेऊन संध्याकाळी नागेश्वर आणि जाता-जाता विष्णूचं शारंगपाणी. चौथ्या दिवशी पहाटे गंगैकोंडचोळपुरम, संध्याकाळी त्रिभुवनम. वेळ उरलाच तर आणखी एखादं देऊळ शोधण्यापेक्षा दारासुरमला दुसऱ्यांदा जा.

आधी चार शब्द नीट लावून घ्या

मराठीत आपण देवळाच्या सबंध मनोऱ्याला शिखर म्हणतो. इथे गाभाऱ्यावरच्या सबंध इमारतीला विमान म्हणतात आणि शिखर म्हणजे फक्त वरचा घुमटासारखा टोपीचा भाग. त्यावरचा कळस म्हणजे स्तूपी. गोपुर म्हणजे आवाराच्या दारावरचा मनोरा. तमिळनाडूच्या चित्रांत आपण रंगीत उंच गोपुरं पाहिलेली असतात, म्हणून तंजावरला गेल्यावर लोक विमानालाच गोपुर म्हणू लागतात. मोठ्या चोळ देवळांत गाभाऱ्यावरचं विमान उंच आणि दारावरची गोपुरं बुटकी असतात. पुढच्या शतकांत हे उलटलं. कुंभकोणमच्या शारंगपाणी देवळाचं अकरा मजली गोपुर आणि आतलं लहान विमान बघितलं की फरक डोळ्यांत भरतो.

दुसरी गोष्ट दगडाची. आपल्याकडे अंबरनाथ किंवा सिन्नरचा गोंदेश्वर काळ्या बसाल्टमध्ये आहेत. इथे कठीण ग्रॅनाइट आहे आणि तोही बाहेरून आणलेला, कारण सगळा प्रदेश गाळाचा, विहीर खणली तरी खडक लागत नाही. म्हणूनच इथली जुनी देवळं विटांची होती. दहाव्या शतकात सेंबियन महादेवी या चोळ राणीने त्यातली बरीच दगडात नव्याने बांधून घेतली. कठीण दगडामुळे भिंतीचा पुष्कळ भाग सपाट, मोकळा राहतो आणि कोष्ठातली, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यातली, मूर्ती एकटी उठून दिसते. अंगभर नक्षीची सवय असलेल्या डोळ्याला पहिल्या तासात हे कोरडं वाटतं. घाई करू नका.

पाहायचा क्रम

बहुतेक लोक सरळ आत शिरून दर्शन घेतात आणि बाहेर आल्यावर थकतात. चोळ देवळाची खरी करामत बाहेरच्या भिंतीवर आहे, तेव्हा आधी बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा करा आणि मग दर्शन घ्या. आपल्याकडे शंकराला सोमसूत्री, म्हणजे अर्धी प्रदक्षिणा. इथे आवारातून रोज पूर्ण प्रदक्षिणा घालतात, कुणी अडवत नाही.

पूर्वाभिमुख देवळात दक्षिणेच्या बाजूने सुरुवात करा. मंडपाच्या दक्षिण कोष्ठात गणपती, गाभाऱ्याच्या दक्षिण भिंतीवर वडाखाली बसलेला दक्षिणामूर्ती (गुरुरूपातला शिव), पश्चिमेला बहुधा लिंगोद्भव (लिंगातून प्रकटलेला शिव), उत्तरेला ब्रह्मा आणि पुढे मंडपाच्या उत्तर बाजूला दुर्गा: आरंभीच्या चोळ देवळांचा हा ठरलेला क्रम. नागेश्वर-पुल्लमंगैला तो पाठ केला की मोठ्या देवळांत तो कुठे मोडला तेही कळतं. उत्तरेला गाभाऱ्याच्या अभिषेकाचं पाणी पडतं त्या पन्हाळीजवळ चंडेश्वराची घुमटी असते. भाविक तिथे हलकेच टाळी वाजवतात किंवा तळहात झटकून दाखवतात. देवाच्या मालमत्तेचा हा राखणदार, त्याला 'काही नेत नाही बाबा' असं दाखवायचं.

आता काळ ओळखायची एक खूण. खांबाच्या डोक्यावर तुळईला आधार देणारा जो आडवा दगड असतो त्याला तमिळमध्ये पोदिगै म्हणतात. आपण त्याला हस्त म्हणू. तो खालून बघा. गोलसर आणि त्यावर लाटांसारख्या पन्हळ्या असतील तर काम जुन्या वळणाचं. कडा तिरकी छाटलेली आणि मधोमध जिभेसारखा कोनी तुकडा पुढे आलेला असेल तर राजराज-राजेंद्राच्या सुमाराचं. तो तुकडा फुलाच्या कळीकडे झुकू लागला असेल तर उत्तर चोळ. आणि केळफुलासारखी कळी खाली लोंबत असेल तर विजयनगर-नायक काळ, म्हणजे पंधराव्या शतकानंतरचं. तंजावरच्या आवारातल्या पाच-सहा इमारतींवर हा नियम लावून पाहा. सगळं देऊळ एका दमात झालेलं नाही हे कुणी न सांगता कळतं. तिथली देवीची घुमटी तेराव्या शतकातली, सुब्रह्मण्याची, म्हणजे कार्तिकेयाची, नायकांच्या काळातली. एवढा मोठा नंदीसुद्धा राजराजाचा नाही, तोही नायकांच्या वेळचा.

तंजावर: दोन फेऱ्या कशाला

पहिली फेरी संध्याकाळची. देऊळ पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन विमानाच्या पाठीवर पडतं. चारला आत जाऊन, जोडे ठेवून, सरळ नैऋत्येच्या कोपऱ्यात जा आणि तिथून विमान बघा. साठ मीटरहून उंच, तेरा मजल्यांचं आणि कडा सरळ रेषेत वर चढलेल्या. पाचनंतर दगड तांबूस होत जातो.

याच कोपऱ्याकडे, प्राकाराच्या, म्हणजे आवाराच्या तटाच्या, ओवऱ्यांच्या भिंतीवर, मराठी वाचकाचं घबाड आहे: दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास. लेख बालबोध लिपीत आहे आणि भिंतीच्या भिंती व्यापतो. वाचता येईल का? येईल, पण अडखळत. शब्द एकमेकांना चिकटलेले आहेत, विरामचिन्हं नाहीत, भाषा बखरीची. एखादा ओळखीचा शब्द, 'राजे', 'शाहाजी', 'किल्ला', पकडायचा आणि तिथून मागे-पुढे सरकायचं. उजेड तिरका पडलेला असेल तेव्हाच अक्षरं उठतात, म्हणून ही जागा सकाळ-संध्याकाळीच गाठा. भिंतीवर हात फिरवू नका, खडू तर अजिबात लावू नका. सापडला नाही तर रखवालदाराला 'मराठी कल्वेट्टु एंगे?' विचारा. कल्वेट्टु म्हणजे शिलालेख.

दुसरी फेरी सकाळी साडेसहाची. आता दारांपासून सुरू करा. बाहेरचं केरळांतकन तिरुवासल, आतलं राजराजन तिरुवासल. आतल्या दाराशी दोन अवाढव्य द्वारपाल आहेत. त्यांच्या पायाकडे बघा: गदेला वेटोळं घालून एक साप आहे आणि तो हत्ती गिळतोय. हत्ती एवढासा, तर साप केवढा, आणि त्या गदेवर पाय टेकून उभा असलेला हा द्वारपाल केवढा, आणि तो ज्याच्या दाराशी उभा तो आतला केवढा! शिल्पकाराने हिशोब तुमच्यावर सोडला आहे. याच दाराच्या पायथ्याला वीतभर-दीड वीत उंचीच्या पट्ट्यांत शिव-पार्वतीचं लग्न, मार्कंडेय, किरात-अर्जुनाची झुंज अशा गोष्टी आहेत. गर्दी डोक्यावर बघत चालते, त्यामुळे त्या सुटतात.

मग विमानाची भिंत. ती दोन मजली आहे, कोष्ठांच्या दोन रांगा. खालच्या रांगेत दक्षिणेला भिक्षाटन, दक्षिणामूर्ती, कालांतक, नटराज, पश्चिमेला हरिहर, उत्तरेला गंगाधर असे वेगवेगळे शिव आहेत. वरच्या रांगेत मात्र धनुष्य घेतलेला त्रिपुरांतकच, म्हणजे असुरांची तीन पुरं जाळणारा शिवच, पुन्हा पुन्हा येतो. जिंकत सुटलेल्या राजाला शंकराचं हेच रूप जवळचं वाटलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि ते पटतं.

पायाच्या थरांवर तमिळ लेख आहेत. लिपी येत नसली तरी अक्षरांची बांधणी बघा, छापल्यासारखी. राजराजाचे बरेचसे लेख 'तिरुमगळ पोल', म्हणजे 'लक्ष्मीप्रमाणे', या शब्दांनी सुरू होतात. मजकूर दफ्तरी आहे: आम्ही दिलेलं, थोरल्या बहिणीने दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं श्रीविमानाच्या दगडावर कोरा, अशी राजाची आज्ञा. देवळासाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावं आणि कुणाला कुठल्या रस्त्यावर कितवं घर, हेसुद्धा तिथे आहे.

गाइड दोन गोष्टी हमखास सांगेल. एक, विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. पडते, सकाळी किंवा संध्याकाळी स्वतः बघा. दोन, वरचं शिखर ऐंशी टनांचा एकसंध दगड आहे. ते अनेक दगड जोडून केलेलं आहे. दगड वर नेण्यासाठी सारपळ्ळम गावापासून उतरण बांधली होती, ही तिथली जुनी सांगी आहे. ती सांगी म्हणूनच ऐका.

काही गोष्टी दिसणार नाहीत, त्याची तयारी ठेवा. गाभाऱ्याभोवतीच्या बोळातली चोळ भित्तिचित्रं, जी १९३१ मध्ये नायक काळातल्या रंगाच्या थराखाली सापडली, आणि वरच्या मजल्यावरची १०८ पैकी कोरून झालेली ८१ नृत्यकरणं, म्हणजे नाचाचे ठरलेले पवित्रे, सामान्य प्रेक्षकांना बंद आहेत. आवारातल्या पुरातत्त्व खात्याच्या छोट्या दालनात फोटो लावलेले असतात, तेवढ्यावर समाधान माना. 'शंभर रुपयांत आत नेतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

दुपार: राजवाडा

दुपारचे तास इथे घालवायचे. कलादालनात चोळ ब्रॉन्झ आहेत. तिरुवेणकाडूचा वृषवाहन शिव, १०११ च्या सुमाराचा, सगळ्यांत आधी गाठा. ज्याच्यावर कोपर टेकलं आहे तो नंदी आज नाही. हात हवेत टेकलेला आहे आणि तरी मूर्तीचा तोल जराही ढळत नाही. डोक्यावर फेट्यासारखी गुंडाळलेली सापांची जटा मागून बघायला विसरू नका.

दुसरी वस्तू एक द्वारपाल. ग्रॅनाइटच्या मूर्तींत हा वेगळाच, दागिन्यांनी मढलेला. पायाशी तमिळ लेख आहे की कल्याणपुरम जाळून विजयराजेंद्र या चोळ राजाने हा आणला. कल्याणपुरम म्हणजे चालुक्यांची कल्याणी, उमरग्याच्या पलीकडचं आजचं बसवकल्याण. हा द्वारपाल दारासुरमला सापडला. घडण आपल्या बाजूची, लेख त्यांचा: दख्खन आणि तमिळ कारागिरीतला फरक एकाच खोलीत समजून घ्यायला याहून सोपं साधन नाही.

सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं प्रदर्शन याच आवारात आहे. संग्रहात मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत, पण संशोधकाचं काम असल्याशिवाय ते हाताळायला मिळत नाहीत. वाड्यातल्या प्रत्येक दालनाचं तिकीट वेगळं आणि जेवणाची सुट्टी वेगळी, तेव्हा पहिल्या खिडकीवरच सगळ्यांच्या वेळा विचारून घ्या. तंजावरच्या भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये संपलं, तरी ८८ देवळांचं विश्वस्तपद अजून त्या घराण्याकडे आहे. पाट्यांवर 'अरण्मनै देवस्थानम' दिसलं की ते हे.

पुल्लमंगै आणि नागेश्वर: लहान देवळांची युक्ती

लहान देवळांत पुजारी सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच असतो. रिक्षावाल्याला फक्त पत्ता सांगून चालत नाही, त्याला तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करायला लावा. 'नडै सात्तियाच्चु' ऐकू आलं की समजायचं, दार लागलं. तरी आवार उघडं असेल तर काम भागतं, कारण बघायचं सगळं बाहेर आहे.

पुल्लमंगैला पायाच्या थरातल्या चौकटी बघा. पोस्टकार्डाहून फार मोठ्या नाहीत आणि त्यांत रामायणाचे प्रसंग आहेत. खाली बसावं लागतं. गुडघे दुखत असतील तर घडीचं छोटं स्टूल बरोबर घ्या आणि बॅटरी तिरकी धरा. समोरून झोत टाकला की उठाव सपाट होतो. नागेश्वराच्या भिंतींवर पुरुषभर उंचीपेक्षा थोड्या लहान स्त्री-पुरुषांच्या मूर्ती आहेत. देव नव्हेत, माणसं वाटतात. कोण ते नक्की ठरलेलं नाही. मान किंचित कललेली, ओठ मिटलेले. चोळांनी पुढे मोठी देवळं पुष्कळ बांधली, पण इतका हळुवार हात त्यांत क्वचितच दिसतो.

दारासुरम

विमान चोवीस मीटरच, म्हणजे तंजावरच्या निम्म्याहूनही कमी. इथे मान वर करायची नाही, खाली वाकायचं. पायऱ्यांच्या बाजूला चाकं आणि घोडे लावून सबंध मंडपाचा रथ केला आहे. बाहेर बलिपीठाच्या पायऱ्या वाजवल्या की सूर उमटतात म्हणून प्रसिद्ध आहेत. लोकांनी दगड मारमारून त्यांची हालत केली, आता त्या जाळीत आहेत.

मुख्य भिंतीच्या पायथ्याला शैव संतांच्या, म्हणजे त्रेसष्ट नायन्मारांच्या, कथांची पट्टी आहे. चौकट वीत-दीड वीत उंच, वर नावाची पाटी कोरलेली. दोन कथा माहीत असल्या तरी पुरतात. कण्णप्प शिकारी: देवाच्या डोळ्यातून रक्त आलं म्हणून स्वतःचा डोळा काढून लावतो. सुंदरर: मगरीने गिळलेलं पोर त्याच्या पदामुळे जिवंत बाहेर येतं, इथे मगरीच्या तोंडातून मूल येताना कोरलं आहे. बैल आणि हत्ती यांचं मिळून एकच डोकं असलेलं शिल्प शोधा. तळहाताने एक-एक धड झाकलं की प्राणी बदलतो.

बाजूलाच देवीचं वेगळं देऊळ आहे, आवार निराळं. बहुतेक जण ते न बघताच निघतात.

गंगैकोंडचोळपुरम

कुंभकोणमपासून पस्तीसेक किलोमीटर. जयंकोंडमकडे जाणारी बस अणैक्करैच्या बंधाऱ्यावरून जाते. १८३६ मध्ये हाच बंधारा बांधताना या देवळाच्या प्राकाराचे दगड नेले. म्हणून तंजावरसारखी ओवऱ्यांची पूर्ण चौकट इथे नाही आणि देऊळ हिरवळीत उघडं पडल्यासारखं दिसतं.

उंची बापाच्या देवळापेक्षा थोडी कमी. कडा मात्र सरळ न चढता आत वळून वर जातात. तंजावरचं चित्र डोळ्यांत ताजं असतानाच हे बघायचं, म्हणूनच ते याच सहलीत धरलं. उत्तरेकडच्या पायऱ्यांपाशी चंडेशानुग्रहमूर्ती आहे: बसलेला शिव खाली वाकलेल्या भक्ताच्या डोक्याला फुलांची माळ गुंडाळतो आहे. शिवाची बोटं बघा. माळेचा वेढा देताना बोटांत जेवढा जोर लागेल तेवढाच आहे. भक्ताच्या रूपात राजेंद्राने स्वतःलाच बसवलं असं काहींचं मत. समोरच्या बाजूला सरस्वती आहे. ही भिंत उत्तरेकडची असल्याने ऊन थेट पडत नाही, फोटोला सकाळी नऊपर्यंतचा मऊ उजेड चांगला. आवारातल्या विहिरीचं सिंहाचं तोंड एकोणिसाव्या शतकातलं, चोळांचं नव्हे.

जवळ खाण्याची सोय बेताची आहे. इडलीची पुडी कुंभकोणमहूनच बांधून घ्या आणि साडेदहाला परत निघा.

बारीकसारीक

जाड सुती मोजे घ्या. मोज्यांना सहसा कुणी हरकत घेत नाही आणि दहानंतर तेच वाचवतात. अर्ध्या चड्डीत जाऊ नका. पुरुषांना पांढरं लुंगीवजा वेष्टि सोयीचं. आवारात फोटो चालतात, गाभाऱ्यात नाही. शिवालयात हातावर विभूती मिळते, ती कपाळाला लावून उरलेली खांबावर पुसू नका. त्यासाठी बहुतेक ठिकाणी वाटी ठेवलेली असते. शारंगपाणीसारख्या विष्णूच्या देवळात तीर्थ, तुळस आणि डोक्यावर शठारी (देवाच्या पादुका असलेला मुकुट), तेव्हा टोपी आधीच काढा. रिक्षावाल्याला 'बृहदीश्वर' म्हटलेलं कळेलच असं नाही, 'पेरिय कोविल', म्हणजे मोठं देऊळ, म्हणा. सुट्टे दहा-वीस रुपये जोडे ठेवायला लागतात.

दुपारी जेवण साडेबाराच्या आत मागा, अडीचनंतर केळीच्या पानावरचं साप्पाडु संपतं. आणि कुंभकोणमला पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी चारच्या आधी घ्या. चारला देवळाची दारं उघडतात आणि मग साडेआठपर्यंत बसायला वेळ नाही.